इंधन प्रणालीच्या पार्टवर एडी आला की: हँगरमधलं काम कसं करायचं

एखाद्या पार्टमध्ये उड्डाणाला धोका होईल असा दोष सापडला आणि तोच दोष त्या नमुन्याच्या इतर विमानांतही असण्याची शक्यता असली, की नियामक संस्था एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह काढते. हँगरमध्ये सगळे त्याला एडी म्हणतात. ठरलेल्या मुदतीत एडी पुरा झाला नाही तर विमान उडवता येत नाही, मग ते दिसायला कितीही ठणठणीत असो. इंधन प्रणालीवरचे एडी तर जास्तच गांभीर्याने घ्यावे लागतात. तिथल्या दोषाचे परिणाम दोनच: इंधन इंजिनपर्यंत पोचत नाही आणि हवेतच इंजिन बंद पडतं, किंवा इंधन नको तिथे पोचतं आणि आग लागते.

सांब्र्याच्या विमानतळावर आता प्रशिक्षणाची छोटी विमानं दिवसभर सर्किट मारतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) अभ्यास करून इथे, हुबळीला, कोल्हापूरला, गोव्याला हँगरमध्ये लागतात. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. भर पिस्टन इंजिनाच्या प्रशिक्षण विमानांवर आहे. मोठ्या विमानांबद्दल पुढे थोडक्यात येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तपासणी चुकते ती बहुतेक वेळा भिंग धरताना चुकत नाही, पार्ट ओळखताना चुकते. लॉगबुकात एक पार्ट लिहिलेला असतो आणि विमानावर दुसराच बसलेला असतो. म्हणून आधी ओळख पटवायची, मग तपासणी करायची.

कोणता एडी लागू होतो

विमान, इंजिन किंवा उपकरण ज्या देशात डिझाइन झालं, तिथल्या नियामकाचा एडी आपल्याकडे पाळावा लागतो. सेस्ना आणि लायकमिंगसाठी अमेरिकेची एफएए, तर टेक्नाम आणि रोटॅक्ससाठी युरोपची ईएएसए. शिवाय आपली नियामक संस्था डीजीसीए स्वतःही आदेश काढू शकते. सीएआर-एम या डीजीसीएच्या देखभाल नियमावलीतलं एम.ए.३०३ हे कलम लागू असलेला प्रत्येक एडी त्यात दिलेल्या अटींप्रमाणे पुरा करायला सांगतं.

सर्व्हिस बुलेटिन ही वेगळी गोष्ट. ते कंपनी काढते, आणि त्यावर ‘मँडेटरी’ असा शिक्का असला तरी तेवढ्याने ते एडी होत नाही. एडीने त्या बुलेटिनचा हवाला दिला की त्यातल्या पायऱ्या सक्तीच्या होतात. सल्ला आणि सक्ती यांत किती अंतर असतं ते अलीकडच्या एका उदाहरणातून कळेल. बोइंगच्या फ्युएल कंट्रोल स्विचचं लॉकिंग तपासावं, असं माहितीपत्रक एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये काढलं होतं. ते केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचं होतं. अहमदाबादच्या अपघातानंतर १४ जुलै २०२५ रोजी डीजीसीएने तीच तपासणी सक्तीची केली आणि २१ जुलैपर्यंतची मुदत दिली. अपघाताचं कारण हा तपास यंत्रणेचा विषय आहे, इथे मुद्दा कागदाच्या दर्जाचा आहे. स्विच तोच, तपासणी तीच, पण एका आदेशाने ती ऐच्छिक राहिली नाही.

एडी शोधताना चार याद्या बघायच्या: एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन, प्रोपेलर आणि अप्लायन्स (विमानावर बसवलेली सुटी उपकरणं). नवखा माणूस पहिल्या दोन बघून थांबतो, आणि इंधन प्रणालीत नेमका तिथेच घात होतो. कार्ब्युरेटर, इंजेक्शन सर्व्हो (इंजिनाला इंधन मोजून देणारा पार्ट), पंप, होज (लवचिक नळी) हे पार्ट वेगळ्या कंपन्यांचे असतात. त्यांचे एडी सेस्नाच्या यादीत नसतात आणि लायकमिंगच्याही नसतात. ते त्या पार्टच्या कंपनीच्या नावाखाली अप्लायन्समध्ये असतात.

एफएएचा क्रमांक वाचायला सोपा आहे. २०१५-१९-०७ म्हणजे वर्ष २०१५, त्या वर्षाचा एकोणिसावा पंधरवडा, त्यातला सातवा एडी. ईएएसएच्या क्रमांकात वर्ष आणि पुढे सलग अनुक्रम असतो. शेवटी ई असेल तर तो तातडीचा, आर१ असेल तर पहिली सुधारणा. क्रमांक मिळाल्यावर तो अजून चालू आहे की नव्या एडीने त्याची जागा घेतली आहे, ते बघा. बाद झालेला एडी वर्षानुवर्षं इमानदारीने पुरा करत राहणं आणि चालू एडी मात्र कुणीच न बघणं, असं खरोखर घडतं.

मग एडीची प्रत हातात घेऊन विमानाशी उभं राहायचं. ‘अॅप्लिकेबिलिटी’ या परिच्छेदात मॉडेल, पार्ट नंबर, सीरियल नंबरचा पल्ला आणि कधी कधी पार्ट कोणत्या काळात विकला गेला ते दिलेलं असतं. पार्टवरची डेटा प्लेट टॉर्च आणि आरसा घेऊन वाचा आणि फोटो काढून ठेवा. सर्व्हो इंजिनाच्या पोटाखाली बसलेला असतो. त्याची प्लेट वाचण्यासाठी काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उतरवावं लागलं तरी उतरवा. ओव्हरहॉलहून आलेल्या इंजिनावर कोणते सुटे भाग चढलेत, हे इंजिनाच्या मॉडेलवरून कळत नाही.

हात लावण्यापूर्वी

विमान हँगरच्या दारापाशी, वारा खेळेल अशा जागी लावा. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, चावी काढून ठेवलेली, बॅटरी सुटी, विमान अर्थला जोडलेलं. टाकीतलं इंधन काढायचं असेल तर धातूचंच भांडं घ्या आणि विमान व भांडं वायरने एकमेकांशी जोडा. प्लास्टिकची बादली कधीच वापरू नका. तिच्यावर स्थिर विद्युत साठते आणि ती निचरा होऊन जायला वाट नसते. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या हवेत हा धोका सगळ्यात जास्त. नायलॉनचे कपडे नकोत, मोबाईल बाहेर, टॉर्च ज्वलनशील वाफेत वापरण्यास योग्य असलेलाच. फोम किंवा ड्राय केमिकलचं अग्निशामक हाताशी ठेवा. अॅव्हगॅस १००एलएल या पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, म्हणून हातमोजे घाला. त्या इंधनाने हात धुण्याची जुनी सवय सोडून द्या.

आणि अजून एक: इंजिन आधी धुऊ नका. अॅव्हगॅसचा निळा रंग हाच गळतीचा साक्षीदार असतो. इंधन उडून जातं, निळसर पूड मागे राहते. धुतल्यावर ती निघून जाते आणि तडा सापडायची निम्मी संधीही तिच्याबरोबर जाते. आधी जसं आहे तसं बघा, फोटो काढा, मगच पुसा.

इंजेक्टर लाईन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सेस्ना १७२ आर आणि एस या मॉडेलवर लायकमिंगचं आयओ-३६०-एल२ए इंजिन असतं. इंजिनाच्या वर मधोमध इंधन वाटून देणारा फ्लो डिव्हायडर बसतो आणि त्यातून स्टेनलेस स्टीलच्या चार बारीक नळ्या चार सिलिंडरच्या नोझलकडे जातात. या बाहेरून जाणाऱ्या नळ्यांसाठी एफएएचा २०१५-१९-०७ हा एडी आहे. त्याच्या आधी याच विषयावर २००२, २००८ आणि २०११ चे एडी होऊन गेले. इतक्या वेळा तोच विषय परत येतो, याचा अर्थ नळ्या तुटत राहिल्या. नळी तुटली की दाबाखालचं इंधन थेट तापलेल्या एक्झॉस्टजवळ फवारलं जातं.

ही तपासणी ठराविक तासांनी करायची असतेच. त्याखेरीज इंजिनाच्या ओव्हरहॉलला करायची, आणि नळीवरचा कोणताही क्लॅम्प सोडला, हलवला किंवा सैल केला तरी त्यानंतर करायची. ही शेवटची अट सर्रास विसरली जाते. कुणी सिलिंडरचं काम करताना वाटेत येणारा एक क्लॅम्प सोडतो, परत लावतो, आणि एडीची नोंद होत नाही. म्हणून काउलिंग उघडून होणाऱ्या प्रत्येक कामाच्या कार्डावर ‘इंजेक्टर लाईनचा क्लॅम्प हलवला का’ असा एक प्रश्न छापून घ्या. तासांच्या हिशेबासाठी ही तपासणी दर १०० तासांच्या तपासणीला बांधून टाकणं सगळ्यात सोपं.

बघायचं ते असं. इंजिन गार असू द्या. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, छोटा आरसा आणि तीव्र प्रकाश घ्या. प्रत्येक नळी फ्लो डिव्हायडरपासून नोझलपर्यंत सलग बघा, अधूनमधून नको. नळी टोकाच्या तुकड्यात शिरते तो सांधा सगळ्यात नाजूक. कंपनाचा सगळा ताण तिथे येतो, त्यामुळे तडा बहुतेक तिथेच, नळीभोवती गोल जातो. मग क्लॅम्पच्या खाली आणि दोन्ही बाजूंना बघा. क्लॅम्पमध्ये रबराची गादी असते. उष्णतेने ती कडक होते, सरकते, कधी पूर्ण गळून पडते, आणि मग धातू धातूवर घासतो. घासलेली जागा चकाकते, बोटाच्या नखाने चाचपली तर खाच लागते. नळी बॅफल (गार हवा वळवणारा पत्रा), इग्निशनची तार किंवा दुसरी नळी यांना टेकते का तेही बघा. इंजिन बंद असताना जेमतेम अंतर दिसत असेल, तर चालू इंजिनाच्या हादऱ्यात ते उरत नाही.

खोक पडलेली, चेपलेली, घासलेली, तडकलेली किंवा तीव्र कोनात वाकलेली नळी बदलायची. सरळ करून परत लावायची नाही. थंड वाकवल्याने स्टील आणखी कडक होतं आणि पुढचा तडा त्याच जागी जातो. वेल्डिंग किंवा सोल्डर करून दुरुस्ती करायची नाही. क्लॅम्प कुठे आणि किती हवेत, हे त्या मॉडेलच्या आकृतीत दिलेलं असतं. ‘शेजारच्या विमानावर असं आहे’ हा पुरावा नव्हे. शेजारच्या विमानावर चुकीचं असू शकतं.

नवी नळी लावताना नट घट्ट करायला एक पाना आणि नोझल धरायला दुसरा पाना, असे दोन लागतात. नोझल धरलं नाही तर ते नटाबरोबर फिरतं, नळीला पीळ बसतो, आणि नवी नळी पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहते. टॉर्क मॅन्युअलमधलाच. तो इतका लहान असतो की मोठ्या टॉर्क रेंचवर नीट कळत नाही, म्हणून इंच-पौंडाचा छोटा रेंच वापरा.

गळती चाचणीत एक खोच आहे. मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा कंट्रोल) आयडल कट-ऑफला, म्हणजे इंधन बंद करण्याच्या जागी, ठेवून विजेवरचा पंप चालवला, तर दाब फक्त सर्व्होपर्यंत पोचतो. इंजेक्टर लाईन कोरडीच राहते आणि तुम्ही ‘गळती नाही’ असं लिहून मोकळे होता. नळ्यांत दाब आणायला मॅन्युअलप्रमाणे थ्रॉटल आणि मिक्स्चर पुढे घ्यावे लागतात, तेही थोडाच वेळ, कारण तेवढ्यात सिलिंडरच्या तोंडाशी इंधन साचतं. ते पूर्ण निचरून जाईपर्यंत इंजिन चालू करू नका, नाहीतर इनटेकमध्ये आग लागू शकते. त्यानंतर इंजिन चालवा, बंद करा, आणि गार झाल्यावर प्रत्येक सांधा कोऱ्या टिश्यूने पुसून निळा डाग येतो का ते बघा.

सर्व्हो, कार्ब्युरेटर, फ्लोट

आरएसए प्रकारच्या इंजेक्शन सर्व्होवर षटकोनी प्लग असतो. तो सैल होऊन इंजिन एकदम लीन (कमी इंधनावर) चालल्याच्या घटनांवरून २००९-०२-०३ हा एडी निघाला. प्लग घट्ट आहे का, खालचं गॅस्केट जागेवर आहे का, लॉकवायर (प्लग फिरू नये म्हणून बांधलेली तार) अखंड आहे का आणि ती घट्ट होण्याच्या दिशेनेच ओढते का, ते बघा. उलट्या दिशेने गुंडाळलेली लॉकवायर वरवर व्यवस्थित दिसते, पण प्लग सैल होताना ती त्याला अडवत नाही.

कार्ब्युरेटरच्या जुन्या विमानांवर मार्व्हल-शेबलर पद्धतीचा एमए मालिकेतला कार्ब्युरेटर सापडेल. त्यातल्या दोन तुकड्यांच्या व्हेंच्युरीसाठी (हवेच्या वाटेतला अरुंद गळा) ९८-०१-०६ हा एडी आहे. आतला तुकडा सुटून सरकला की इंधनाचा प्रवाह बिघडतो आणि ताकद जाते. थ्रॉटल उघडा ठेवून, खालून आरशाने तो दिसतो.

रोटॅक्स ९१२ मध्ये लक्ष द्यायचं ते फ्लोटवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या इंधनावर तरंगणाऱ्या तुकड्यावर. फ्लोट इंधन शोषून जड होतो, बुडतो, आणि कार्ब्युरेटर ओसंडू लागतो. इंजिन मंद गतीला धूर सोडतं, भरभरतं. एका कार्ब्युरेटरचे दोन्ही फ्लोट बाहेर काढून, पुसून, एक दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर एकत्र तोला. दोघांचं मिळून वजन ७ ग्रॅमच्या वर गेलं की बदला. तोलायला उशीर करू नका. बाहेर ठेवलेला फ्लोट सुकतो आणि खोटं वजन दाखवतो.

रोटॅक्स मोटारीच्या पेट्रोलवरही चालतं, पण इथॅनॉल १० टक्क्यांपर्यंतच. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथॅनॉलचं. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात ते टाळणं जवळपास अशक्य आहे. म्हणून पंपावरचं पेट्रोल विमानात भरूच नका. शंका आली तर काचेच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओता, हलवा आणि स्थिर होऊ द्या. पाण्याची रेघ १० च्या वर चढली तर त्यात अल्कोहोल आहे.

टाकी, झाकण, व्हेंट आणि आपला पाऊस

टाकीच्या झाकणावर एडी असतात हे ऐकून नव्यांना आश्चर्य वाटतं. सेस्नाच्या जुन्या विमानांवर हवा खेळणारं झाकण बसवायला सांगणारा ७९-१०-१४ हा एडी आहे. टाकीतून इंधन जातं तेवढी हवा आत यायला हवी. ही हवेची वाट म्हणजे व्हेंट. व्हेंट बंद असेल तर टाकीत निर्वात होतो, इंधन येणं थांबतं, आणि टाकी अर्धी भरलेली असताना इंजिन बंद पडतं. आपल्याकडे व्हेंट बुजवण्यात कुंभारमाशी पटाईत आहे. विमान काही दिवस उभं राहिलं की व्हेंटच्या नळीत ती मातीचं घर करते. शिवाय उन्हाळ्यात तांबडी धूळ असतेच. उभ्या विमानाच्या व्हेंटवर लाल फीत लावलेलं आवरण घाला आणि उड्डाणापूर्वी ते काढल्याची सही घ्या.

जून ते सप्टेंबर झाकणाची सील हा कळीचा मुद्दा असतो. बेळगावचा पाऊस आडवा, सततचा. सीलला बारीक चिरा असतील तर रात्रभरात पाणी आत जातं. झाकण काढून सील बोटाने दाबा, वाकवा, चिरा उघडतात का बघा. बसकण चपटी झाली असेल तर सील बदला. अर्धवट भरलेल्या टाकीत गार पहाटे आतल्या भिंतीवर दव धरतं, तेही खालीच उतरतं. म्हणून वजनाचा हिशेब परवानगी देत असेल तर संध्याकाळीच टाकी भरून ठेवा.

१७२ आर आणि एसवर निचऱ्याची १३ ठिकाणं आहेत: प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. प्रत्येक ठिकाणचा नमुना उजेडासमोर धरा. पाण्याचा थेंब खाली वेगळा दिसतो. पण पेला पूर्ण पाण्यानेच भरला असेल तर थेंब दिसणार नाही, सगळं स्वच्छच दिसेल. म्हणून रंग बघा: १००एलएल निळं. नमुन्याला निळी छटा नसेल तर थांबा. जेट ए-१ मिसळल्याची शंका असेल तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका. अॅव्हगॅस उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग ठेवतं.

पिंपातून इंधन भरत असाल तर २०० लिटरचं पिंप आडवं ठेवा, दोन्ही बूच घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असं. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पाणी साचतं, आणि रात्री पिंप गार होताना ते बुचातून आत ओढलं जातं.

पंखातल्या टाकीची गळती मोजायची पद्धत ठरलेली आहे. जागा पुसून कोरडी करा आणि ३० मिनिटांनी ओल किती पसरली ते मोजा. पाऊण इंचाच्या आत असेल तर डाग, पाऊण ते दीड इंच म्हणजे पाझर, दीड ते चार इंच म्हणजे मोठा पाझर, आणि थेंब पडू लागले तर वाहती गळती. वाहती गळती पुढच्या उड्डाणापूर्वी बंद झालीच पाहिजे. बंदिस्त जागेतली गळती लहान असली तरी तिला हाच नियम लागू, कारण तिथे वाफ साठते. बाकीच्यांसाठी त्या विमानाचं मॅन्युअल काय मुभा देतं ते बघा आणि नोंद ठेवून लक्ष ठेवा. बाहेरून सीलंट फासणं हा उपाय नाही. गळतीचं तोंड आत असतं आणि बाहेरचा डाग बरेचदा त्यापासून हातभर लांब दिसतो.

होज आणि गाळणी

इंजिनाच्या खोलीतल्या रबरी होजला सेस्नाची पद्धत ५ वर्षं किंवा इंजिनाचं ओव्हरहॉल, जे आधी येईल ते. रोटॅक्सही रबरी होजला ५ वर्षं देतं. वय होजवरच्या लेबलवर असतं: तिमाही आणि वर्ष. होज बाहेरून सुबक असून आतून सोललेली असू शकते. आतलं अस्तर झडपेसारखं उघडतं, इंधन एका दिशेने जातं आणि मध्येच अडतं. टेफ्लॉनची होज इंजिनाच्या उष्णतेत आपला वाक पक्का करते. काढल्यावर ती सरळ करायला गेलात तर आतून मोडते. जशी निघाली तशाच आकारात बांधून ठेवा.

गाळणीत जे सापडतं ते फेकू नका, पांढऱ्या कापडावर पसरा. काळी रबराची पापुद्री सापडली तर होज आतून झडतेय. करडा-पांढरा लगदा म्हणजे अॅल्युमिनियम गंजतंय, बहुधा पाण्यामुळे. तांबूस गंज पिंपातून किंवा साठवणुकीतून येतो. लवचिक तुकडे टाकीतल्या सीलंटचे. जेट इंधनाच्या विमानात शेवाळासारखा चिकट पदार्थ सापडला तर ती पाण्यात वाढणारी सूक्ष्मजीवांची बाधा. तुकडे पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा.

फ्लेअर सांधा (नळीचं तोंड फाकवून नटाने आवळलेला) गळत असेल तर आणखी आवळू नका. पाव इंचाच्या अॅल्युमिनियम नळीचा नट ४० ते ६५ इंच-पौंडात बसतो. त्यापुढे आवळलं की फ्लेअर पातळ होऊन फाटतो. दाब सोडा, सांधा उघडा, बसकण बघा. टेफ्लॉनची फीत या सांध्यावर लावायची नाही. तिचा धागा सुटून पुढे नोझलमध्ये अडकतो.

पार्ट कुठून आणायचा

उद्यमबाग आणि मच्छ्याचे कारागीर किती बारीक काम करतात हे सांगायची गरज नाही, आणि हत्तरगीच्या सेझमधून विमानाचे पार्ट जगभर जातात. तरीही फिटिंग ‘तसंच’ वळवून घेऊन विमानाला लावता येत नाही. प्रश्न कौशल्याचा नाही. धातूचा उगम, उष्णता प्रक्रिया, तपासणी आणि मंजूर डिझाइन यांची साखळी कागदावर सलग असावी लागते. पार्टबरोबर सीए फॉर्म १, ईएएसए फॉर्म १ किंवा एफएएचं ८१३०-३ यांपैकी योग्य तो कागद हवा. त्यावरचा पार्ट नंबर, सीरियल नंबर आणि पार्टवरचा कोरलेला नंबर अक्षर-अक्षर जुळवा. शेवटचं एक अक्षर वेगळं असेल तर एडीच्या दृष्टीने तो वेगळा पार्ट असू शकतो.

दुसऱ्या विमानातून काढून लावलेल्या पार्टबरोबर त्याचा एडीचा इतिहासही येतो. त्याचे तास, शेवटची तपासणी आणि पुढची मुदत नव्या विमानाच्या नोंदीत चढवा, नाहीतर तो पार्ट कुणाच्याच यादीत राहत नाही.

मोठ्या विमानांवर जाणाऱ्यांसाठी

१७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० हे ७४७ विमान मधल्या टाकीतल्या वाफेच्या स्फोटाने कोसळलं आणि २३० माणसं गेली. त्यानंतर टाकीतली प्रत्येक वायर, पंप आणि बाँडिंग (ठिणगी पडू नये म्हणून केलेली विद्युत जोडणी) नव्याने तपासलं गेलं. आज कामाच्या कार्डावर सीडीसीसीएल (टाकीच्या सुरक्षेसाठी डिझाइनमध्ये घातलेली मर्यादा) अशी खूण दिसली, तर तिथलं अंतर, क्लॅम्प, स्लीव्ह, बाँडिंग यांतलं काहीही स्वतःच्या सोयीने बदलायचं नाही, असा तिचा अर्थ. २० ऑगस्ट २००७ रोजी ओकिनावात एका ७३७ चा स्लॅटच्या (पंखाच्या पुढच्या कडेच्या सरकत्या भागाच्या) रुळामागचा बोल्ट सुटून टाकीत घुसला आणि विमान जळालं. १६५ जण वेळेत बाहेर पडले. कारण होतं एक वॉशर, जो परत बसवलाच नव्हता. २०१२ मध्ये ७८७ च्या इंजिनाजवळच्या फ्युएल कपलिंगसाठी एडी निघाला, तोही जोडणी आणि लॉकवायर चुकल्यामुळे. हे शेवटचे दोन्ही दोष पार्टच्या जन्माचे नव्हते, बसवणाऱ्या हातांचे होते. म्हणून अशा कामावर दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी असते, आणि ती लांबून मान हलवून द्यायची नसते.

नोंद

‘एडी पुरा केला’ एवढं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. एडीचा क्रमांक आणि सुधारणा, कोणत्या परिच्छेदानुसार काम केलं, बुलेटिनची आवृत्ती, पार्ट आणि सीरियल नंबर, त्या वेळचे तास, काय आढळलं, काय बदललं, पुढची मुदत, सही आणि लायसन्स नंबर, हे सगळं हवं. पिस्टन इंजिनाच्या विमानाला सही करणाऱ्याकडे त्या विमानाला लागू असलेलं बी१.२ लायसन्स आणि संस्थेचं अधिकारपत्र हवं. एडी लागू होत नसेल तरी तसं लिहा, आणि का लागू होत नाही तेही लिहा: ‘पार्ट नंबर वेगळा, डेटा प्लेटवर पाहिला’.

तास कोणत्या मीटरचे ते ठरवून टाका. हॉब्ज (घड्याळी तास मोजणारा) आणि टॅक (इंजिनाच्या फेऱ्यांवरून तास मोजणारा) यांची गती वेगळी असते, आणि दोघांची सरमिसळ झाली की मुदत नकळत उलटते. शेवटची तपासणी ४,३१२.६ तासांवर झाली आणि अंतर १०० तासांचं असेल, तर पुढची ४,४१२.६ च्या आत. एडीत सवलत लिहिलेली नसेल तर एक दशांश तासही वर जाता येत नाही. दिवसाला चार तास उडणाऱ्या प्रशिक्षण विमानाला हे २५ दिवसांत गाठतं, म्हणून ४,३९० च्या सुमारालाच नळ्या आणि क्लॅम्प भांडारात आहेत का ते बघा. मुदत उलटली तर विमान जागेवरच उभं. दुसऱ्या हँगरला न्यायचं असेल तरी आधी डीजीसीएची खास उड्डाण परवानगी लागते. तपासणीत उड्डाणाला धोका होईल असा दोष सापडला तर तो ७२ तासांच्या आत कळवायचा असतो. दोषी पार्टला लाल टॅग लावून तो कुलूपबंद ठेवा, भंगारात टाकू नका.

आपल्या हँगरमध्ये बोलणं मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत चालतं आणि कार्ड इंग्रजीत असतं. पाळी बदलताना ‘दोन नंबरची नळी हातानेच लावलीय, टॉर्क राहिलाय’ हे वाक्य तोंडी सांगितलं तर ते दुसऱ्या भाषेत जाताना अर्धं गळतं. अर्धवट राहिलेलं प्रत्येक काम कार्डावर लिहा आणि त्या सांध्याला पिवळी चिठ्ठी बांधा. टॉर्क झाल्यावर नटावर रंगाची रेघ ओढा, आणि ती चिठ्ठी टॉर्क करणाऱ्यानेच काढावी.